काढलेल्या द्राक्षवेलीच्या खोडाची वाटी



माल उतरला की जुन्या द्राक्षबागा काढायला सुरुवात होते. बारा-पंधरा वर्षांची वेल झाली, उत्पन्न घटलं, खोडं पोखरली, की ट्रॅक्टर लावून बाग उपटायची आणि खोडांचा ढीग बांधावर लावायचा, ही आपली रीत. "या खोडांचं सरपणाशिवाय काही होतं का?" असं श्रोते विचारतात. होतं. चांगल्या जाड खोडाची कातून सुरेख वाटी होते. पण ढीग बांधावर पडू देऊन ती करता येत नाही. त्याचं कारण आधी ऐका.

द्राक्षाला दोन प्रकारचे खोडकिडे लागतात. एक भुसा बाहेर टाकतो, म्हणून सापडतो. दुसरा स्ट्रोमॅशियम जातीचा. त्याची अळी आतल्या आत लाकूड खाते आणि भुसा बोगद्यातच ठासून ठेवते. वरून खोड धड दिसतं. वेल उपटली, वाळली, तरी ही अळी मरत नाही, कारण वाळलेलं लाकूडही तिला चालतं. पाऊस सुरू झाला की जून-जुलैत भुंगेरे बाहेर पडतात आणि जवळच्या बागेत सुटलेल्या सालीखाली अंडी घालतात. निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर मी असा ढीग दोन पावसाळे पडलेला पाहिला. शेजारीच नवी लागवड होती. पुढे त्या नव्या बागेतली खोडं चिरली तेव्हा आत बोगदे निघाले. किडा त्या ढिगातूनच आला असं शपथेवर सांगता येणार नाही, पण ढीग तिथे नसता तर बरं झालं असतं, एवढं नक्की.

तेव्हा बाग काढली की त्याच आठवड्यात खोडं निवडा. मनगटाएवढी सोडून द्या. चार-पाच इंच जाडीची, सरळ, भोक नसलेली तेवढी घ्या. बाकीची पावसाआधी जाळून संपवा. निवडलेल्या खोडात तार किंवा खिळा रुतलेला नाही ना, तेही पाहा. मांडवाची तार बऱ्याचदा लाकडाच्या पोटात गेलेली असते, आणि फिरत्या लेथवर पटाशी तारेला लागली तर हात जायबंदी होतो.

पहिल्या खेपेला मी स्वतः अख्खं गोल खोड घेतलं आणि उन्हात वाळवलं. आठ दिवसांत कलिंगडाच्या फोडींसारख्या चिरा पडल्या. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या कातारीबाबांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, "साहेब, आंब्याचं लाकूड आणि वेलीचं लाकूड एक नव्हं."

खरंच नव्हे. झाडाच्या खोडाला फांद्यांचं वजन पेलायचं असतं. वेलीचं वजन मांडव पेलतो, तिच्या खोडाचं मुख्य काम पाणी वर नेण्याचं. म्हणून द्राक्षाच्या लाकडात नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या नळ्या असतात. शिवाय गाभ्यापासून सालीकडे सायकलच्या आऱ्यांसारखे रुंद पट्टे जातात. लाकूड वाळताना आकसतं आणि नेमकं या आऱ्यांवर फाटतं. पण वाटीला जी नक्षी दिसते ती याच आऱ्यांची. खोड फोडते तीच गोष्ट शोभाही देते.

यावर कातारीबाबांचा उपाय असा. खोड ओलं असतानाच वीतभर तुकडे करायचे आणि दोन्ही तोंडांना लगेच मेण किंवा जुना ऑइलपेंट फासायचा. मग तुकडा गाभ्यावरून उभा चिरून दोन फाळी करायच्या आणि गाभा काढून टाकायचा. साल ओरबाडून काढायची. द्राक्षाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, तेव्हा हे काम सोपं आहे. तोंडाला फडकं मात्र बांधा. वर्षानुवर्षं बोर्डो आणि बाकीच्या फवारण्या त्या सालीवर बसल्या आहेत. साल गोठ्यात अंथरू नका, गोळा करून बाजूला करा.

फाळीची सपाट बाजू म्हणजे वाटीचं तोंड, गोल बाजू म्हणजे बूड. लेथवर हळू वेगात, धार लावलेल्या गोल पटाशीने ओलंच कातायचं आणि जाडी चार सूत ठेवायची. पातळ करायचा मोह आवरा. वाळताना तोंड लांबट होतं, ते पुन्हा गोल करायला लाकूड शिल्लक हवं.

आता ही ओबडधोबड वाटी जुन्या डब्यात पाणी घालून तासभर उकळा. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. उकळल्याने लाकडातला ताण सैल होतो, चिरा कमी पडतात. आणि आत अळी असेल तर ती मरते. ज्यांचा माल परदेशी जातो त्यांनी लाकडी पॅलेटवरचा गव्हाच्या ओंबीचा शिक्का पाहिला असेल. उष्णता दिलेल्या पॅलेटचा नियम असा, की लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापलं पाहिजे. अर्ध्या इंचाच्या वाटीला तासभर उकळी म्हणजे त्यापेक्षा जास्तच झालं. पाणी विहिरीपासून लांब ओता.

पुढचं काम धीराचं. वाटी कातकामाच्या ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करून बुडावर पेन्सिलीने लिहा. ओळीने दोन-तीन आठवडे वजन उतरलं नाही की वाटी वाळली. एवढ्या वाटीला दोन-तीन महिने सहज लागतात. मग दोन सुतांपर्यंत पुन्हा कातायची, काचकागद मारायचा आणि फिरत्या वाटीवर लाखेची कांडी दाबायची. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर चकाकी येते ती याच रीतीने. घर्षणाने लाख वितळते, बारीक नळ्यांची तोंडं भरतात.

तरीसुद्धा ही आमटीची वाटी नव्हे. मोठ्या नळ्यांतून पातळ पदार्थ झिरपतो, आणि फवारलेल्या वेलीचं लाकूड ओल्या अन्नाला लावूच नये असं माझं मत आहे. सुपारी, हळद-कुंकवाच्या पुड्या, शिवणाचं सामान यासाठी ठेवा. काथवटीची जागा ती घेणार नाही. यातून घर चालेल असंही मी म्हणत नाही. पाच तुकड्यांत दोन फुटतातच. पण हाताने लावलेल्या बागेतलं काहीतरी घरात राहावं असं पुष्कळांना वाटतं, आणि कातारी गावात असेल तर त्यालाही चार कामं मिळतात.

खोड चिरताना ठासलेल्या भुशाचा बोगदा किंवा पांढरट अळी दिसली तर तो तुकडा वाटीसाठी घेऊ नका. अळी झाकणाच्या डबीत घालून आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा, आणि ते खोड बागेतल्या कोणत्या ओळीतलं होतं तेही त्यांना सांगा. शेजारच्या उभ्या ओळी त्याच दिवशी तपासायला हव्यात.