सासरी आल्यावर पदवी कपाटात ठेवू नका

लग्न होऊन वाशीम, कारंजा, रिसोडला आलेल्या कितीतरी सुना पदवीधर आहेत. सर्टिफिकिटं मात्र साड्यांच्या खाली! मैत्रिणींनो, ती बाहेर काढा.

पहिली अडचण नावाची. पदवीवर माहेरचं, आधार कार्डावर सासरचं. अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला जोडा. राजपत्रातही नावबदल जाहीर करता येतो.

बायोडाटा एका पानात बसवा. उंची, रंग, गोत्र हे स्थळासाठी, नोकरीसाठी नव्हे! नुसतं ‘गृहिणी’ लिहून थांबू नका. लग्नानंतर शिकवण्या घेतल्या, बचत गटाचे हिशेब ठेवले, तर साल घालून तसं लिहा. तेही कामच आहे.

‘महास्वयम’ या सरकारी पोर्टलवर नाव मोफत नोंदवता येतं. नोकरी लावून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर सरळ नाही म्हणा.

राज्य सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. पण वयाची अट साधारणपणे खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ वर्षं. ‘मुलं मोठी झाली की बघू’ म्हणता म्हणता तीही उलटून जाते, बरं का! तेव्हा आजच अर्ज लिहायला बसा.