मैल्यातील जंतू आणि समुद्रातील प्रवाळ

प्रवाळ हा दिसावयास दगड, परंतु असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत असते. आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. माशांना ते आसरा देतात व लाटांचा जोर मोडतात. गुराढोरांप्रमाणे त्यांनाही साथीचे रोग होतात. त्यांपैकी एका रोगाचे मूळ मात्र माणसाच्या संडासात सापडले.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिणेस बेटांची एक रांग आहे. तेथील एका प्रवाळाच्या फांद्या सांबराच्या शिंगांसारख्या असतात. १९९६ साली की वेस्टजवळ या फांद्यांवर पांढरे चट्टे दिसू लागले. चट्ट्याखालील जिवंत थर नाहीसा होऊन हाडासारखा सांगाडा उघडा पडे. चट्टा दिवसाला सरासरी अडीच चौरस सेंटिमीटर वाढे, आणि ऊन पाण्यात रोग बळावे. काही वर्षांतच हे प्रवाळ बहुतांशी मेले.

२००२ साली रोगाचा जंतू ओळखला गेला. त्याचे नाव सेराशिया मार्सेसेन्स. हा जंतू माणसाच्या आतड्यात राहतो व रुग्णांच्या जखमांतही शिरतो. पण तो हरणांत आणि समुद्रपक्ष्यांतही आढळतो. मग दोष कोणाचा? संशोधकांनी सर्वांचे नमुने पडताळले. प्रवाळावरील वाणाशी जुळला तो केवळ माणसाच्या सांडपाण्यातील वाण. पुढे बंद टाक्यांत प्रवाळाच्या तुकड्यांना हा जंतू लावताच चार-पाच दिवसांत रोग उमटला. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला.

मैला समुद्रात पोहोचला कसा? बेटांवर घरोघरी सेप्टिक टाक्या व शोषखड्डे होते, आणि खालचा चुनखडक सच्छिद्र. (आपल्या कोकणातील जांभा खडकही सच्छिद्रच आहे, हे तेथील कार्यकर्त्यांना सांगावयास नको.) एका घरच्या टाकीत मुद्दाम सोडलेले निरुपद्रवी विषाणू अकरा तासांत जवळच्या कालव्यात आणि दिवसाच्या आत समुद्रात सापडले! जमिनीत मुरले म्हणजे संपले, हा समज तेथे साफ खोटा ठरला. १९९९ साली कायदा होऊन बेटांवर सांडपाणी शुद्धीकरणाची मोठी कामे हाती घेण्यात आली.

तथापि २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र विलक्षण तापला आणि फ्लोरिडातील उरलेसुरले शिंगप्रवाळही जवळजवळ नष्ट झाले. बियाणे राखून ठेवावे तसे त्यांचे काही तुकडे जमिनीवरील टाक्यांत जतन करण्यात आले आहेत.