ग्रँटचेस्टरचे जुने व्हिकरेज

केंब्रिजनजीकच्या ग्रँटचेस्टर गावी, पूर्वीच्या एका वास्तूच्या जागी सुमारे १६८५ मध्ये उभारलेली ही विटांची इमारत मूळची तेथील धर्मगुरूच्या निवासाची. १८२० मध्ये मात्र ती चर्चच्या मालकीतून निघून खाजगी मिळकत झाली, आणि पुढे सॅम्युएल पेज विडनल या हरहुन्नरी गृहस्थाच्या ताब्यात आल्यावर तिचा विस्तार होऊन छापखानाही थाटला गेला. त्याने बागेत मुद्दाम भग्न भासावा असा एक लुटुपुटीचा किल्लाही बांधला. मूळ वास्तूच्या संयत मुद्रेशेजारी हा हौशी मामला, आमच्या मते, काहीसा आगंतुकच. १९१० च्या सुमारास कवी रूपर्ट ब्रूक येथे भाड्याने राहिला. १९७९ मध्ये शास्त्रज्ञ मेरी आर्चर व कादंबरीकार जेफ्री आर्चर या दांपत्याने ती खरेदी केली.