अडलेली कासवी

देवळाच्या सभामंडपात ज्याला हात लावून आपण नमस्कार करतो ते दगडी कासव सर्वांच्याच ओळखीचे आहे. संतवाणीतूनही ते आपल्याला भेटते. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, ती दूर राहून नुसत्या दृष्टीने त्यांचे पोषण करते, ही कल्पना आपल्याकडे शेकडो वर्षे चालत आली आहे आणि देवाच्या कृपेला तिची उपमा दिली जाते. उपमा म्हणून ती गोडच आहे; पण प्राणिशास्त्र निराळे सांगते. कासवी पिलांकडे पाहत नाही. ती जमिनीत खड्डा खणते, त्यात अंडी घालते, माती लोटून खड्डा बुजवते आणि निघून जाते. तिचे सारे आईपण त्या एका खड्ड्यात साठलेले असते. पाळलेल्या कासवीला तो खड्डा मिळाला नाही तर काय होते, आणि तेव्हा माणसाने काय करावे, एवढाच आमचा विषय आहे.

कामगारांच्या मागण्या मांडण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी कासवाची बाजू का मांडावी, असे कोणी विचारील. आम्ही काही जनावरांचे डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झालेले. परंतु संघटनेच्या कचेरीत माणसे केवळ पगाराची गाऱ्हाणी घेऊन येत नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्या एक सभासद भगिनी भाजीच्या पिशवीतून एक कासव घेऊन आल्या. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले, ज्याला बाजारात स्टार कासव म्हणतात ते. घरात असे कासव असले म्हणजे पैसा टिकतो, असे कोणी सांगितल्यावरून त्यांच्या यजमानांनी ते आणले होते. "भाऊ, ही चार दिवस झाले काही खात नाही. सारखी कोपऱ्यात जाऊन मागच्या पायांनी फरशी खरवडते," त्या म्हणाल्या. आम्ही कासव उलटेपालटे करून पाहिले आणि मोठ्या शहाणपणाने सांगितले, "ताई, मुके जनावर आहे, आपले आपण बरे होईल. थोडी वाट पाहा."

त्यांनी दहा दिवस वाट पाहिली. ही जात पाळायला कायद्याने बंदी आहे हे एव्हाना कानावर आले होते, त्यामुळे डॉक्टरकडे जायची भीतीही होतीच. शेवटी नेले तेव्हा क्ष-किरणांच्या चित्रात चार अंडी दिसली. चारही शाबूत, नेहमीच्या आकाराची. वाटेत कसलाही अडथळा नाही. पण कासवीची ताकद संपली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "हिला माती कुठे होती?" दोन खोल्यांच्या त्या घरात मातीचा एक कणही नव्हता. त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले. त्यातले पटले ते येथे मांडतो, म्हणजे निदान आमची चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये.

पहिली शंका त्या घरानेही काढली होती : घरात नर नाही, मग अंडी कुठून? कोंबडी जशी कोंबड्यावाचून अंडी घालते तशीच कासवीही घालते. त्यांतून पिले निघत नाहीत एवढेच. शिवाय एकदा नराचा संग झाला असेल तर त्याचे बीज कासवीच्या शरीरात काही वर्षेसुद्धा टिकून राहते. म्हणून वयात आलेली प्रत्येक मादी अंड्यावर येऊ शकते, असेच धरून चालावे. मादीची शेपटी आखूड आणि पोटाकडची पाटी सपाट असते. नराची शेपटी लांब आणि पाटी मध्ये थोडी खोलगट असते.

आता सुरळीत प्रसूती कशी होते ते पाहू. दिवस भरले की कासवीचे खाणे कमी होते. ती येरझाऱ्या घालते, जमीन हुंगते, एखाददुसरा खड्डा अर्धवट खणून सोडून देते. पसंत पडलेल्या जागी ती मूत्राने माती भिजवते आणि मागच्या दोन पायांनी आळीपाळीने माती उपसत सुरईच्या आकाराचा चार-सहा इंच खोल खड्डा करते. गंमत अशी की खड्ड्याकडे तिची पाठ असते. हे सारे काम ती न पाहता, केवळ पायांच्या स्पर्शाने करते. मग पांढरी, कठीण कवचाची थोडीच अंडी, बहुधा दोन ते सहा, त्यात पडतात. शेवटी माती लोटून ती पोटाच्या पाटीने दाबून घट्ट करते. या कामाला काही तास लागतात, आणि मध्येच कोणी हात लावला किंवा गर्दी केली तर ती काम टाकून उठून जाते.

येथेच सारी मेख आहे. योग्य जागा सापडेपर्यंत कासवी अंडी पोटात धरून ठेवते. रानात या शक्तीचा तिला उपयोग होतो. फरशीवर तीच शक्ती तिचा घात करते. थांबलेल्या अंड्यांवर चुन्याचे थर चढतच राहतात, ती जाड आणि खरबरीत होतात, आणि मग जागा मिळाली तरी बाहेर पडेनाशी होतात.

जागेचा अभाव हे मोठे कारण असले तरी एकटेच नव्हे. अंगात पाणी कमी पडणे, थंडीने शरीर गारठणे, आणि चुन्याची म्हणजे कॅल्शियमची उणीव ही दुसरी कारणे होत. अंडे पुढे ढकलायला स्नायू आकसावे लागतात आणि त्या कामी कॅल्शियम लागते. अंड्यांची कवचे बनविण्यात तेच खर्च झालेले असते. काकडी-टोमॅटोवर वाढवलेल्या, उन्हाचे तोंड न पाहिलेल्या कासवीजवळ ही शिल्लक मुळातच नसते. याखेरीज अंडे फार मोठे किंवा वेडेवाकडे असणे, ते आत फुटणे, कटिभागाची हाडे वाकडी असणे, मूत्राशयात खडा होणे, हे खरोखरीचे अडथळेही असतात. ते बाहेरून ओळखता येत नाहीत.

मग थांबायचे केव्हा आणि धावायचे केव्हा? कासवी डोळे उघडे ठेवून हिंडत असेल, हात लावताच जोर करीत असेल, तर खाणे सोडले म्हणून घाबरू नये. तिला आधी माती द्यावी. परंतु ती एका जागी मान टाकून पडली, मागचे पाय ओढू लागली, जोर करूनही काही बाहेर येत नाही, शेपटीखालून रक्त किंवा घाण वास येणारा स्राव आला, किंवा आतला लाल भाग बाहेर डोकावला, तर एक दिवसही थांबू नये. काही अंडी घालून ती थांबली आणि पुन्हा बेचैन झाली तरीही डॉक्टर गाठावा.

घरी करण्यासारखे उपाय साधे आहेत. अंगण नसेल तर मोठे खोके किंवा जुने टिपाड आडवे कापून घ्यावे. त्यात माती आणि वाळू मिसळून भरावी. खोली निदान कासवीच्या लांबीपेक्षा अधिक, जमल्यास फूटभर असावी. मूठ दाबली की लाडू वळावा इतपत माती ओली हवी. कोरडी वाळू ढासळते आणि खड्डा होत नाही. जागा उबदार, निम्मी सावलीची आणि आडोशाची असावी. दिवसातून एकदा कोमट पाण्यात वीस मिनिटे तिला बसवावे. पाणी हनुवटीखाली राहील एवढेच. जास्वंदीची पाने-फुले, शेवग्याचा पाला, गवत द्यावे, आणि काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस किसून त्यावर भुरभुरावा. ऊन अंगावर प्रत्यक्ष पडले पाहिजे; काचेआडचे ऊन ते काम करीत नाही. मग तिला एकटी सोडावे. मुलांना दाखवायला दर घटकेला उचलू नये.

काय करू नये हे त्याहून महत्त्वाचे. पोट दाबू नये, बोट किंवा चिमटा घालून अंडे ओढू नये. आत फुटलेल्या अंड्याची कवचे नाजूक नळीला चिरतात. आम्ही केले तसे उलटेपालटे करू नये. आणि एक विशेष इशारा : म्हशीने पान्हा सोडावा म्हणून गोठ्यात चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन कोणी मनाने आणून देऊ नये. डॉक्टर अडलेल्या कासवीला हेच औषध देतात हे खरे; परंतु ते आधी क्ष-किरणांनी अंड्यांचा आकार आणि वाट पाहतात, पाणी आणि कॅल्शियम देतात, अंग ऊबदार करतात, आणि मग मोजून मात्रा देतात. वाट बंद असताना ते औषध दिले तर आतली नळी फाटते. औषधाने काम झाले नाही तर मागच्या पायापुढच्या मऊ कातडीतून, किंवा पोटाची पाटी कापून, अंडी काढता येतात. पाटीचा तुकडा पुन्हा बसवतात आणि तो सावकाश सांधतो.

आता कायद्याविषयी. स्टार कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेले, आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आली. गुजरात-राजस्थानचा कोरडा मुलूख, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू आणि श्रीलंका ही त्याची घरे. तेथून पकडून पोत्यात भरून ते आपल्या घरी येते. पैसा टिकतो तो विकणाऱ्याचा. ते घरात असेल तर वनखात्याच्या स्वाधीन करणे हाच मार्ग आहे. भीतीपोटी कित्येक जण त्याला नदीत किंवा विहिरीत सोडतात. हे जमिनीवरचे कासव आहे. त्याला पोहता येत नाही, ते बुडून मरते. आजारी असेल तर आधी उपचार व्हावेत आणि मग चौकशी, असा आग्रह आपण धरला पाहिजे. परदेशी जातींची कासवे काही लोक रीतसर नोंद करून पाळतात. वरचे सारे त्यांनाही लागू आहे. काचेच्या टाकीत ठेवलेल्या लाल कानाच्या पाणकासवीलासुद्धा अंड्यांसाठी पाण्याबाहेरची मातीच लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मुंबई इलाख्यात गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. साऱ्या देशासाठी तो व्हायला १९६१ साल उजाडले. तोवर बाई कामावर अडली तर तिचे दैव, असेच म्हटले जाई. दैव नव्हे, व्यवस्थेची उणीव आहे, हे सांगण्यात आमच्या आधीच्या पिढ्यांचा जन्म गेला, आणि आम्हीही तेच सांगत आलो. तरीही पिशवीतल्या त्या कासवीकडे पाहून आमच्या तोंडून निघाले ते "आपले आपण बरे होईल" हेच. ती चार दिवस फरशी खरवडून आपली मागणी सांगत होती. आम्हांला ती ऐकू आली नाही. आपल्या घरी, शेजारी, कोणाचे कासव असे मागच्या पायांनी फरशी खरवडताना दिसले, तर त्याच दिवशी त्याला घमेलेभर ओली माती द्या आणि डॉक्टरांना विचारा, एवढेच आमचे सांगणे आहे.