वाफसा थांबत नाही: छोट्या ट्रॅक्टरसाठी अवजारे निवडताना

वैजापूर तालुक्यात दोन प्रकारची शेती शेजारी शेजारी नांदते. नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस, कांदा आणि गहू दिसतो. पोचत नाही तिथे पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या भरवशावर कापूस, मका आणि बाजरी. पाण्याचा फरक मोठा असला तरी दोन्हीकडची जमीन बहुतांशी काळी, वाटण्या होत होत लहान झालेली, आणि दावणीचे बैल कमी होत चाललेले. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होते. एवढ्या तुकड्यात ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वळवायचा म्हटला तर निम्मा वेळ बांधावरच जातो. त्यामुळे ११ ते २८ अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरकडे लोक वळले: महिंद्राचे युवराज आणि जिवो, स्वराजचा ७१७, कुबोटाचा निओस्टार, जॉन डिअरचा ३०२८. हे ट्रॅक्टर अरुंद असतात, पीक लहान असताना ओळींमधून जातात आणि डिझेल कमी पितात. यांतला कोणता घ्यावा यावर पारावर तासन्‌तास चर्चा होते. त्याला मागे काय जोडायचे, हा प्रश्न मात्र शोरूममधल्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो. खरे तर ट्रॅक्टर फक्त ताकद देतो; पैसे मिळवायचे की गमवायचे, हे अवजार ठरवते.

या दहा मिनिटांत हल्ली एक नवा मोह उभा राहतो. पुढे लोडर, मागे खोदाईची बकेट म्हणजे बॅकहो, अशी जोडणी केलेला छोटा ट्रॅक्टर. लोकांच्या तोंडी ‘मिनी जेसीबी’. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहिले की वाटते, चारी खोदता येईल, शेणखत भरता येईल, बांध नीट करता येईल, शेततळेसुद्धा घरच्या घरी होईल. अमेरिकेत कुबोटा, जॉन डिअर आणि आपली महिंद्रासुद्धा अशी पूर्ण जोडणी विकते आणि तिकडे ती खपते. तिथल्या घेणाऱ्याला मोठे आवार राखायचे असते, बर्फ हटवायचे असते, लाकूडफाटा उचलायचा असतो, आणि चालकासह यंत्र भाड्याने आणणे महाग पडते. आपल्याकडचे गणित उलटे आहे. म्हणून निवडीची कसोटीही आपल्या शेतातूनच काढली पाहिजे, आणि ती माझ्या मते एका प्रश्नात मावते: हे काम थांबू शकते का? जे काम चार दिवस पुढे गेले तर पीक हातचे जाते, त्याचे अवजार आपल्या मालकीचे हवे. जे काम उन्हाळ्यात कधीही झाले तरी चालते, त्याचे यंत्र भाड्याने आणावे. किती मोठे, किती चमकदार, शेजाऱ्याकडे आहे का, हे सगळे नंतरचे.

काळ्या जमिनीत या प्रश्नाला विशेष धार आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि चाकाला चिकटते. वाळली की भेगाळते आणि दगडासारखी कडक होते. या दोन टोकांच्या मधला वाफसा फार थोडे दिवस टिकतो. पेरणी, कोळपणी, कांद्याचे वाफे किंवा गादीवाफे, सऱ्या पाडणे ही सगळी कामे त्याच फटीत बसवावी लागतात. आणि पाऊस सगळ्या शिवारावर एकदमच पडत असल्याने वाफसाही सगळ्यांना एकाच वेळी येतो. गावात भाड्याचे पेरणी यंत्र एकच असेल तर आपला नंबर लागेपर्यंत ओल उडालेली असते, किंवा पुन्हा पाऊस येऊन रान चिखल झालेले असते. मागणी एकाच दिवशी उसळते तिथे भाड्याची सोय कोलमडते. खोदाईचे तसे नाही. पाइपलाइनची चारी, शेततळे, बांधबंदिस्ती, तलावातला गाळ आणून टाकणे ही कामे सुगी संपल्यापासून मृगाच्या तोंडापर्यंत कधीही करता येतात. मे महिन्यात जेसीबीवाल्यांकडे गर्दी होते हे खरे, पण ज्याने फेब्रुवारीतच बोलून ठेवले त्याला ती गर्दी अडवत नाही.

आता आकडे मांडून पाहू. यंत्राचा वर्षाचा स्थिर खर्च काढण्याची साधी रीत अशी: किमतीतून शेवटी मोडीत येणारे पैसे वजा करून उरलेली रक्कम आयुष्याच्या वर्षांत वाटायची आणि गुंतलेल्या सरासरी भांडवलावर व्याज धरायचे. समजा, बॅकहोची जोडणी ४ लाखांना पडली, दहा वर्षे चालली, शेवटी दहा टक्के किंमत आली आणि व्याज दहा टक्के धरले. घसारा वर्षाला ३६,००० आणि व्याज २२,०००, म्हणजे यंत्र नुसते उभे राहिले तरी वर्षाला ५८,००० रुपये जातात. जेसीबीचे भाडे तासाला १,२०० रुपये धरले तर याच पैशात वर्षाला ४८ तास मोठे यंत्र चालकासह आणि डिझेलसह मिळते. आता दोघांच्या बकेटची तुलना करा. मोठ्या बॅकहोची मागची बकेट साधारण पाव घनमीटर माती काढते. छोट्या ट्रॅक्टरच्या बकेटमध्ये ०.०४ घनमीटर धरणे उदारपणाचेच ठरेल. म्हणजे मोठ्याच्या एका तासाला छोट्याचे किमान सहा तास. ४८ तासांची बरोबरी करायला आपल्याला दरवर्षी पावणेतीनशे तासांहून जास्त खोदाई हवी. तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याकडे एवढी खोदाई एखाद्या वर्षी निघेल. दरवर्षी कुठून निघणार? शेततळ्याचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल, उताराच्या कडांचे शेततळे म्हणजे सुमारे २,००० घनमीटर माती. छोट्या बकेटच्या ५०,००० खेपा. अर्ध्या मिनिटाला एक खेप धरली तरी चारशे तासांवर काम जाते, आणि त्यात मुरूम लागला तर हिशेबच संपला.

पैशांपेक्षा ताकदीचा प्रश्न आणखी अवघड आहे. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात लिफ्टची क्षमता लिहिलेली असते, या वर्गात बहुधा ७५० किलोंच्या आसपास. हा आकडा अनेकदा खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो. भार टोकापासून जितका मागे जाईल तितकी उचल कमी होते. म्हणूनच प्रमाणित चाचणीत टोकाच्या ६१० मिलिमीटर मागेही ती मोजतात. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात लिफ्टची उचल आणि पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) प्रत्यक्ष मिळणारी ताकद, दोन्ही दिलेली असतात. १५ अश्वशक्तीच्या इंजिनातून पीटीओला ११-१२ अश्वशक्तीच मिळते, हे तिथे कळते. लोडरचा भार तर पुढच्या नाजूक आसावर येतो. ओल्या काळ्या मातीचा एक घनमीटर दीड-पावणेदोन टनांचा. दीडशे लिटरची लोडर-बकेट भरली की अडीचशे किलो वजन चाकांच्या पुढे आणि वर उचललेले. मागे तितकेच वजन नसेल तर मागची चाके जमीन सोडू लागतात, उतारावर ट्रॅक्टर कलतो. चारचाकी ओढ नसलेल्या छोट्या ट्रॅक्टरला लोडर लावूच नये. मागचा बॅकहो नुसत्या तीन दांड्यांवर टांगला तर खोदताना बसणारे उलटे धक्के थेट गिअरच्या घरावर जातात. त्याला ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणारी स्वतंत्र फ्रेम लागते.

इथेच तीन दांड्यांच्या जोडणीचे महत्त्व कळते. हॅरी फर्ग्युसनने विकसित केलेली ही पद्धत १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरबरोबर मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आणि पुढे जगभर प्रमाण झाली. पिनांचे माप आणि पीटीओची मिनिटाला ५४० फेऱ्यांची गती ठरलेली असल्यामुळे एका कंपनीचे रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला लागते. ट्रॅक्टर बदलला तरी पेरणी यंत्र विकावे लागत नाही, आणि विकायचे झाले तर पंचक्रोशीत गिऱ्हाईक मिळते. लोडर आणि बॅकहोची फ्रेम मात्र त्या-त्या मॉडेलच्या मापाची असते. ट्रॅक्टर बदलला की ती अडगळीत जाते. आधीच कमी चालणारे यंत्र, आणि विकायलाही अवघड.

यावर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, मोठा जेसीबी सगळीकडे शिरत नाही. डाळिंबाच्या बागेत, गोठ्यामागच्या बोळात, उभ्या पिकाजवळ तो कामाचा नाही. हे खरे आहे. पण बागेतली चारी वर्षातून एखाद्या दिवसाचे काम. त्यासाठी मजूर लावणे किंवा भाड्याचा छोटा एक्स्कॅव्हेटर शोधणे स्वस्त पडते. दुसरा आक्षेप: भाड्याने फिरवून पैसे मिळतील. मिळतीलही, पण मग तो शेतीपासून वेगळा धंदा झाला. त्याला पूर्णवेळ चालक आणि वर्षभराची कामे हवीत, आणि धंदाच करायचा तर गिऱ्हाईक सहापट काम करणाऱ्या यंत्रालाच बोलावणार. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ज्याच्याकडे दहा-पंधरा जनावरे आहेत, रोज शेण आणि चारा हलवावा लागतो, त्याने काय करावे? त्याने लोडर जरूर घ्यावा, कारण त्याचे काम थांबणारे नाही. रोज अर्धा तास चालणारा लोडर वर्षाला १८० तास भरतो आणि पाठदुखीचा खर्च वाचवतो. मात्र लोडर आणि बॅकहो ही दोन वेगळी खरेदी आहे. एकाची गरज असली म्हणून दुसरे गळ्यात बांधून घेऊ नये. ज्याला वर्षातून चार वेळा माती सरकवायची आहे, त्याला मागे जोडायचे साधे ब्लेड पुरते.

ही कसोटी प्रामाणिकपणे लावली तर तिचा एक निकाल अनेकांना खटकेल: नांगरसुद्धा भाड्याने आणावा. खोल नांगरट उन्हाळ्यात होते, दरवर्षी लागतेच असे नाही, आणि कडक काळ्या रानात छोट्या ट्रॅक्टरला ती झेपतही नाही. ५० अश्वशक्तीवाल्याला बोलावून एका दिवसात ती उरकावी. आपल्या पैशाने पहिल्यांदा घ्यावे ते पेरणी यंत्र आणि ओळींत चालणारी पंजी, म्हणजे कल्टिव्हेटर. त्यांच्या फणांची अंतरे आपल्या कापसाच्या आणि मक्याच्या ओळींना जुळतात का, हे दुकानातच टेप लावून पाहावे. सोयाबीन किंवा कांदा घेणाऱ्याने सरी-वरंबा पाडणारे अवजार त्याच यादीत धरावे. कृषी खाते आणि कृषी विद्यापीठे ज्या रुंद वरंबा-सरी पद्धतीचा आग्रह धरतात, ती कमी पावसात ओल धरते आणि जास्त पावसात पाणी काढून देते. फवारणी पंप तिसरा. कीड भाड्याच्या पंपाची वाट पाहत नाही. ट्रॉली मात्र दुसऱ्या कारणाने मालकीची हवी: खत, चारा, कांदा, मका मिळून तिचे तास इतके भरतात की भाडे परवडत नाही.

रोटाव्हेटरबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण सर्वाधिक चुका त्यातच होतात. एक मीटर रुंदीचे रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटरने चालले तर वळणे धरून एकराला दोन तास लागतात. हे संथ वाटते म्हणून लोक रुंद रोटाव्हेटर घेतात. मग इंजिन दबते, डिझेल वाढते आणि पाती वरवर फिरतात. पंधरा अश्वशक्तीला मीटरभराच्या आतलेच बरे. दुसरे असे की, ओलसर काळ्या मातीत ते वारंवार फिरवले की वरची माती पीठ होते आणि खाली कडक थर बसतो, पाणी मुरायचे थांबते. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या तालुक्यात पाणी न मुरणे परवडणारे नाही. शिवाय दिसायला बिनमहत्त्वाच्या वस्तूंवर आधी खर्च करावा: पुढची वजने, पीटीओ शाफ्टवरचे कवच, चांगल्या पिना आणि टॉप लिंक. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक त्यात अडकले तर हात ओढून घ्यायलाही सवड मिळत नाही.

शेवटी अनुदानाविषयी. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना राज्याच्या योजनेत साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदानावर ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर व ट्रेलर मिळतो. ट्रॅक्टरबरोबर अवजारेही द्यावीत हा विचार त्यात आहे, आणि तो योग्य आहे. इतर शेतकऱ्यांना राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरून अवजारांसाठी ४० ते ५० टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आल्याने किमतीही उतरल्या. पण स्वस्त झालेले अवजार न वापरता पडून राहिले तर ते महागच. बचत गटांच्या योजनेच्या यादीत पेरणी यंत्राचा आणि सरी यंत्राचा पर्यायही ट्रेलरइतक्याच सहज निवडता यावा, ही मागणी गटांनी लावून धरायला हवी. आणि शोरूममध्ये जाण्याआधी प्रत्येकाने घरी कागदावर दोन रकाने आखावेत: गेल्या वर्षी कोणते काम वेळेवर न झाल्याने पीक गेले, आणि कोणते काम उशिरा झाले तरी काही बिघडले नाही. पहिला रकाना खरेदीची यादी, दुसरा भाड्याची. विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी दुसऱ्या रकान्यातले यंत्र कर्ज काढून घेऊ नये.