एक अमावास्या, दोन स्मृती

आश्विन वद्य अमावास्येच्या सायंकाळी महाराष्ट्रातील जुन्या बाजारपेठांत शेजारशेजारच्या पेढ्यांवर सारख्याच पणत्या तेवतात. एका पेढीवर लक्ष्मीपूजनासाठी लाह्या-बत्तासे मांडलेले असतात; दुसऱ्या पेढीवर नव्या वहीत स्वस्तिक रेखून गौतमस्वामींचे स्मरण केले जाते.

जैन परंपरेनुसार इ. स. पूर्व ५२७ मध्ये याच अमावास्येला पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. ज्ञानदीप मालवला, आता द्रव्यदीप उजळू, असे म्हणून मल्ल व लिच्छवी कुळांतील अठरा गणराजांनी दिवे लावले, असे कल्पसूत्र सांगते. आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये पूर्ण केलेल्या ‘हरिवंशपुराणा’तही या दीपोत्सवाचे वर्णन आहे. दिगंबर मंदिरांत या दिवशी पहाटे निर्वाणलाडू अर्पण होतो. प्रतिपदेला वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष उजाडते.

निर्वाणाची ही स्मृती जपत असतानाच व्यापारी घराला शेजारधर्मही पाळावा लागतो. शेजारून आलेल्या फराळाच्या ताटात कांदा-लसणाचा चिवडा किंवा बटाट्याचा पदार्थ असू शकतो. लक्ष्मीपूजनाचे आमंत्रण सूर्यास्तानंतरचे असते आणि घरात कोणाचा चोविहार असतो. अशा वेळी ताट आदराने स्वीकारावे, पूजेला आवर्जून जावे आणि आपला नियम सौम्य शब्दांत सांगावा. प्रसाद कपाळाला लावून घरी आणला व सकाळी घेतला, तर नियमही राहतो आणि यजमानाचे मनही. नियम एकदा ठाऊक झाला की पुढल्या वर्षी शेजारघरची करंजी दिवस मावळण्यापूर्वीच दारी येते.

फटाक्यांचा प्रश्न अधिक कठीण आहे. शेजारची मुले फटाके उडवीत असता आपल्या मुलांना नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. त्या आवाजाने घरट्यातील पाखरे कशी बिथरतात, ज्योतीत सूक्ष्म जीव कसे होरपळतात, हे समजावून द्यावे. आकाशकंदील करणे, रांगोळी घालणे, किल्ला बांधणे यांत साऱ्या आळीची मुले एकत्र येऊ शकतात.

हिशेबाचे वर्ष आता ३१ मार्चला संपते, तरी वहीपूजन टिकून आहे. त्या पूजनाला मुनीम, हमाल, गाडीवान यांना घरच्यांसारखे बोलवावे. त्यांचे येणे चुकते करूनच नवी वही उघडावी. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, त्यांच्या मुलांच्या हाती वह्या-पुस्तके द्यावीत. गणराजांनी ज्या ज्ञानासाठी दिवे लावले, त्याची आठवण मग त्या घरांतही पोहोचेल.