विश्लेषण : नांदेडच्या कपाशीतली बोंडअळी दिवसाची लांबी कशी ओळखते?

नांदेड-लातूर भागात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. हा सव्वादोन तासांचा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही. गुलाबी बोंडअळीला मात्र तो नेमका कळतो.

सुप्तावस्था म्हणजे काय?

अनेक कीटक प्रतिकूल काळात वाढ थांबवतात. गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढली की दिवस लहान आणि रात्री गार असल्यास कोष करत नाही. अंगात चरबी साठवून ती सरकीत, वाळक्या बोंडात किंवा मातीत पडून राहते. कधी दोन सरक्या धाग्याने जोडून आत बसते.

थंडीऐवजी दिवसच का?

हवामान बेभरवशाचे, नोव्हेंबरातही ऊन तापते. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. दिवसाची लांबी कीटकांचे जीवनचक्र बदलते, हे अमेरिकेत माव्यावरील प्रयोगांतून १९२३ मध्ये दिसले. कीटकाच्या मेंदूतले जैविक घड्याळ उजेड-अंधाराचा काळ मोजते. रात्र ठरावीक मर्यादेपेक्षा लांबली, की पुढच्या अवस्थेत नेणारे संप्रेरक रोखले जाते.

शेतकऱ्याशी याचा काय संबंध?

२०१७ मध्ये बीटी कपाशीवरही या अळीने महाराष्ट्रात मोठे नुकसान केले, कारण तिने बीटीतील विषाला दाद देणे थांबवले होते. अशा वेळी तिची झोप हाच कच्चा दुवा ठरतो. फरदड ठेवली, तर हिवाळ्यातही बोंडे मिळत राहतात आणि झोपी जाणाऱ्या अळ्यांची संख्या वाढते. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांतील वाळक्या बोंडांत आणि जिनिंगमधल्या सरकीत त्या उन्हाळा गाठतात.

पुढे दिवस मोठे होऊन ऊब वाढली की पतंग बाहेर पडतात. तेव्हा शेतात पाते-फुले नसतील, तर त्यांच्या पिलावळीला खायला काही मिळत नाही आणि ती पिढी वाया जाते. हंगामपूर्व लागवडीच्या कपाशीला मात्र लवकर पाते लागतात आणि त्यांना आयते घर मिळते.

म्हणून डिसेंबरअखेर वेचणी संपवणे, पऱ्हाट्या शेतात न साठवणे, जिनिंगमध्ये कामगंध सापळे लावणे आणि पुरेसा पाऊस झाल्यावरच लागवड करणे, हे चारही उपाय त्या एका झोपेभोवतीच फिरतात. एकट्याने केले तर शेजारच्या शेतातले पतंग येतातच. गावाने मिळून केले तरच उपयोग.